केल्विनच्या गाडीतली हवा

वसईत माणिकपूरच्या नाक्यावर सॅन्टन मच्याडोचं टायरचं दुकान होतं. माणूस तसा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्याबद्दल फारसं चांगलं सांगता येणार नाही. चर्चमधली रविवारची मिस्सा त्याने कधी चुकवली नाही. गिऱ्हाइकाच्या चांगल्या ट्यूबला गुपचूप भोक पाडून दोन पंक्चर जास्त लावण्याचा जो धंदा हायवेवर चालतो, तो त्याच्या दुकानात कधी झाला नाही. पण एका बाबतीत हा गृहस्थ कुणाच्या बापाचं ऐकत नसे. ती बाब म्हणजे हवा.

दुकानात कंप्रेसर होता, कंप्रेसरला मीटर होता, मीटरला चांगला लाल काटा होता. सॅन्टन त्या काट्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. हातात लोखंडी सळई घ्यायची, टायरवर एक ठोका द्यायचा, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि सांगून टाकायचं, "मागच्या डाव्याला हवा कमी हाय." कुणी शंका काढलीच, तर तोच मीटर लावून दाखवायचा, आणि वाईट गोष्ट अशी की बहुतेक वेळा बरोबर निघायचा. अधूनमधून चुकणाऱ्या माणसाला आपण चुकू शकतो एवढं तरी माहीत असतं. सॅन्टनला तेही कळायची सोय राहिली नव्हती. कामणच्या गोदामांकडे जाणारे ट्रकवाले वाट वाकडी करून त्याच्याकडे यायचे, चहा पाजायचे आणि सळईची करामत बघायचे.

"मीटर मानसानं बनवला, कान देवानं दिला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याची बायको मटिल्डा यावर म्हणायची, "देवानं दोन कान दिले, तुमी एकच वापरता. दुसऱ्यानं बायकोचं आयका." सॅन्टन हसायचा. ऐकायचा मात्र नाही.

त्याचा जिवाभावाचा मित्र म्हणजे तरखडचा क्लेमेंट. केळीची वाडी, थोडी भाजी, थोडी फुलं, आणि बोलणं फटकळ. दोघे शाळेत एका बाकावर बसले आणि एकाच वर्गात नापास झाले, त्यामुळे मैत्री पक्की होती. क्लेमेंटला पहिली मुलगी नेहल, नंतर मुलगा केल्विन. केल्विनच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून सॅन्टन उभा राहिला. आमच्याकडे धर्मबाप हा नुसता फोटोपुरता नसतो. जन्म देणारा बाप चुकला, कमी पडला, तर पोराचा हात धरायचं वचन त्याने वेदीसमोर दिलेलं असतं. सॅन्टनने ते दिलं होतं, आणि बरीच वर्षं मनापासून पाळलंही होतं. क्लेमेंटच्या घरात सायकलपासून टेम्पोपर्यंत कुठलंही चाक लांब जायचं असलं, तर आधी माणिकपूरला यायचं. "सॅन्टननं हवा बगितली ना? मंग झालं," असं क्लेमेंट म्हणायचा, आणि पोरांनीही तेच शिकून ठेवलं होतं.

केल्विन मोठा झाला, जहाजावर नोकरीला लागला आणि पहिल्या मोठ्या रजेत त्याने एक जुनी लाल मारुती झेन घेतली. दोन हजार तीन साल संपत आलं होतं. वसईच्या तरुण पोरांना तेव्हा गाडीच्या चाकांचं वेड लागलं होतं. कंपनीची चाकं काढून टाकायची आणि रुंद, चकचकीत अलॉयची बसवायची. त्यावर टायर एवढा बारीक की चाकाला रबराची नुसती किनार लावल्यासारखी दिसायची. केल्विनने मुंबईहून तशी चाकं आणली. सॅन्टनने ती स्वतःच्या हाताने बसवली, कपड्याने पुसली आणि लांब उभा राहून बघत म्हणाला, "नवरी दिसते रे!"

विकणाऱ्याने केल्विनला दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. या बारीक टायरांना हवा जरा जास्तच लागते, आणि ती बघायची सकाळी, गाडी हलवायच्या आधी, चाकं गार असताना. थंडीत तर जास्तच लक्ष ठेवायचं, कारण गारठ्याने आतली हवाच आकसते. केल्विनने हे सगळं येऊन धर्मबापाला सांगितलं.

"थंडी? वसईत?" सॅन्टन म्हणाला. "आपल्याकडं स्वेटर फक्त नाताळच्या फोटोला घालतात. त्या मुंबईवाल्याला सांग, तू चाकं वीक, हवा मी बगतो."

आता यातली खरी मेख अशी, की या बारीक टायरचा गाल, म्हणजे कडेची बाजू, मुळातच ताठ असतो. साध्या टायरातली हवा उतरली की तो खाली बसतो, पोट सुटतं, आंधळ्यालाही कळतं. हा बसत नाही. हवा कमी असतानाही तो भरल्यासारखाच दिसतो, आणि सळई मारली तर टणकच वाजतो. म्हणजे सॅन्टनच्या डोळ्याला आणि कानाला, दोघांनाही फसवणारं हे जनावर होतं. पण हे त्याला सांगणार कोण? ज्याने सांगितलं त्याला त्याने स्वेटरवरून उडवून लावलं.

फेब्रुवारी आला. आमच्याकडचे लोक त्या महिन्यात नाशिकला बाळ येशूच्या यात्रेला जातात. नेहलचं बाळंतपण अवघड होतं, ते सुखरूप पार पडलं, म्हणून तिच्या आईने, फिलोमिनाने, नवस बोलला होता. ठरलं असं की केल्विनने आईबापांना आपल्या गाडीतून न्यायचं. पोराच्या गाडीतून यात्रेला जायचं म्हणून फिलोमिना चार दिवस आधीपासून शेजारणींना सांगत होती.

निघायच्या आदल्या दुपारी केल्विन विरारला चंदनसारला मित्राकडे जाऊन परत येता येता दुकानापाशी थांबला. ऊन चांगलं होतं, गाडी पळून आलेली, चाकं तापलेली. सॅन्टनने सळई घेतली आणि चारही चाकांवर ठोके दिले. आवाज आला टणटणीत.

"टाइट हायेत," तो म्हणाला. "लांबचा परवास हाय. टायर तापनार, हवा फुगनार. थोडी कमी करतो."

लांब जायचं तर हवा थोडी सोडायची, ही आमच्या इथली जुनी समजूत. ट्रकवाले तेच करायचे, रिक्षावाले तेच करायचे, सॅन्टनच्या बापानेही बैलगाडीच्या रबरी टायरला तेच केलं असेल. त्याने एकेका चाकाशी बसून व्हॉल्व्हची पिन अंगठ्याच्या नखाने दाबली. फुस्स करून हवा गेली. चारही चाकांतून गेली. गरम चाकाची फुगलेली हवा त्याने खरी धरली, आणि त्यातलीही काढून टाकली.

"अंकल, नाशिकला पहाटे थंडी असते म्हणतात," केल्विन एवढंच म्हणाला.

"मंग टायरला मफलर गुंडाळ," सॅन्टन म्हणाला, आणि दोघेही हसले. ते हसणं सॅन्टनला पुढे फार महागात पडलं.

पहाटे गाडी निघाली. कामण, भिवंडी, शहापूर, कसाऱ्याचा घाट, सगळं नीट पार पडलं. घाट चढून वर आल्यावर थंडी अशी होती की फिलोमिनाने शालीत नाकसुद्धा झाकून घेतलं होतं. इगतपुरी मागे पडली, आणि एका उतारावर ट्रकवाल्याने रात्री चाकामागे लावलेला दगड तसाच रस्त्यात पडलेला होता. असे दगड घाटाच्या आसपास नेहमी असतात. केल्विनला तो दिसेपर्यंत पुढचं डावं चाक त्यावर चढलं. भरल्या टायरने कदाचित तो सोसला असता, कदाचित नसताही. हा टायर रिमच्या आणि दगडाच्या मध्ये चिमटला, फाटला, आणि गाडी भरकटून एका मोरीच्या कठड्यावर डाव्या अंगाने आदळली. त्या बाजूला फिलोमिना बसली होती.

जीव वाचला. पण तिच्या कमरेचं हाड मोडलं. मागे बसलेल्या क्लेमेंटच्या कपाळाला खोक पडली, केल्विनचा हात मोडला. बाळ येशूपाशी पोचायचं राहूनच गेलं.

गाडी ओढून आणली ती अर्थात सॅन्टनच्याच दुकानामागच्या आवारात. दुसरीकडे कुठे नेणार? क्लेमेंट कपाळाला पट्टी बांधून सोबत आला होता. केल्विन गळ्यात हात अडकवून आवाराच्या फाटकाशी उभा होता. सॅन्टनने ते फाटलेलं चाक काढलं, टामी घालून टायर रिमवरून सोडवला आणि आत हात घातला.

हाताला काळी भुकटी लागली. टायरच्या आतून, गालाच्या कडेकडेने, रबर घासून घासून त्याचा चुरा झाला होता. ही खूण टायरवाल्याला पाठ असते. दगडावर आपटल्याने ती होत नाही. हवा कमी असताना टायर दुमडत दुमडत मैलोन्‌मैल पळाला, की ती होते. त्याने दुसरं, न फाटलेलं चाक उघडलं. त्यातही तीच भुकटी. आदल्या दुपारचं ते फुस्स त्याला पुन्हा ऐकू आलं, चारही चाकांचं.

तेवढ्यात क्लेमेंट त्याच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. "सॅन्टन, खरं सांग. हवा बरोबर होती ना?"

सॅन्टनने वर बघितलं नाही. "मी सोताच्या हातानं बगितलेली," तो म्हणाला.

शब्द खोटा नव्हता. पण त्याहून मोठं खोटं सॅन्टन जन्मात बोलला नव्हता.

"मंग यानंच गाडी ठोकली," क्लेमेंट फाटकाकडे हात करून म्हणाला. "वळनावर गाडी हेलकावत होती, मी मागनं सांगत होतो, सावकास चालव. आईपेक्शा चाकांचा तोरा मोठा! बरोबर ना, सॅन्टन? हवा बरोबर असंल तर मंग स्पीडच ना?"

गाडी हेलकावत होती तीही कमी हवेमुळेच. सॅन्टनला हे क्लेमेंटच्या तोंडून शब्द निघत असतानाच कळत होतं. आणि तरी त्याने मान हलवली. हो म्हणून हलवली. एवढीशी मान, पण तिच्याखाली पोराची चार वर्षं चिरडली.

का हलवली? मी त्याची बाजू घेणार नाही. घाबरला, हे एक. नाक्यावर नाव जाईल, हे दुसरं. पण सगळ्यात खोल कारण म्हणजे, आपला कान चुकला हे त्याला स्वतःशीच म्हणवत नव्हतं. केल्विन फाटकातून बघत होता. थोड्या वेळाने तो निघून गेला, आणि सॅन्टनने नळाखाली हात धरून ती भुकटी धुतली.

क्लेमेंट रागाने आंधळा झाला होता. दवाखान्याच्या जिन्यात त्याने पोराला सांगितलं, "माज्या घरात पाय ठेवू नको." फटकळ माणसाचा राग दोन दिवसांत उतरतो म्हणतात, पण फिलोमिना काठी घेऊन चालायला लागली आणि तो राग उतरायचा राहिला. तिने काठी टेकली की क्लेमेंटला पोरगा आठवायचा, पोरगा आठवला की राग. केल्विनने गाडी मोडीत काढली आणि जहाज धरलं. रजा मिळाली की दुसरीकडे कुठेतरी काढायचा. आईला फोन करायचा तो बाप वाडीत गेल्यावर. जी बाई सकाळी फुलांची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायची, ती ओटीवर फोनजवळ बसून राहायला लागली.

सॅन्टनने मग काय केलं? सगळं केलं, जे करायला हवं होतं तेवढं सोडून. फिलोमिनाला व्यायामाला न्यायला स्वतःची व्हॅन काढली. पाचूबंदरहून ताजे बोंबील, सुरमई आणून पोचवली. क्लेमेंटच्या वाडीतला पंप बिघडला तर दुकान बंद करून गेला. क्लेमेंट म्हणायचा, "पोटचा पोर नाय आला, पन तू आलास. भावानं केलं नसतं येवढं." हे ऐकलं की सॅन्टन काहीतरी काम काढून उठायचा. फिलोमिना तर त्याच्यासाठी माळ हातात घेऊन रोझरी म्हणायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, सॅन्टनने काही खाल्लं नव्हतं, तरी खवखव जात नव्हती.

त्याच वर्षी उपवासकाळात तो कन्फेशनला, पापाची कबुली द्यायला गेला. गावातल्या फादरकडे नाही, ओळखीचा आवाज नको म्हणून लांबच्या चर्चमध्ये. जाळीपाशी गुडघे टेकून सगळं सांगितलं. पलीकडचे फादर शांतपणे म्हणाले, "देवाला पोचलं. आता मित्राला सांगा." सॅन्टन बाहेर आला, सांगितलेल्या प्रार्थना एक शब्द न गाळता म्हणाला आणि मित्राला सांगायचं येत्या रविवारवर ढकललं. पुढच्या रविवारी क्लेमेंटच्या घरी पाहुणे होते. त्यापुढच्या रविवारी फिलोमिनाला ताप होता. देवाशी मिटलंय ना, मग माणसाचं सावकाश बघू, अशी सॅन्टनने मनाची समजूत घातली. अशी सवलत देव देत असेल असं मला तरी वाटत नाही.

दुकानात एक बदल मात्र झाला. सळई गेली. तो प्रत्येक चाकाला मीटर लावायला लागला. तापलेल्या चाकांनी कुणी आलं तर "सकाळी या, गार चाकानं" म्हणून परत पाठवायला लागला. रुंद अलॉयवाली पोरं आली तर त्यांना बसवून तासभर समजावायचा, डिसेंबर-जानेवारीत दर आठवड्याला या, बघून जा, पैसे नको. लोक म्हणाले, सॅन्टनशेट म्हातारे झाले, पण बघा किती काळजी घेतात. नाव वाढलंच! मटिल्डाने एकदा विचारलं, "कानाला काय झालं तुमच्या?" "काय नाय," तो म्हणाला, आणि मटिल्डा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

चार वर्षं अशी गेली. दोन हजार आठच्या सुरुवातीला केल्विनचं लग्न ठरलं. मुलगी निर्मळची, जहाजावरच्याच एका सोबत्याची बहीण. लग्न ईस्टरनंतर. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मिस्सा सुटली, कपाळाला राख लावलेली, आणि क्लेमेंटने सॅन्टनला चर्चच्या आवारात एका बाजूला घेतलं.

"पोराचं लगीन हाय. फिलोमिना जाईल. मी नाय जानार," तो म्हणाला. "माज्या घरातनं वरात निघनार नाय. तुज्या घरातनं काढ. तू धर्मबाप हायस. अल्तारापुढं तूच त्याच्या कपाळावर क्रूस काढ."

आमच्याकडे लग्नाला निघताना नवरदेव घरातल्या अल्तारापुढे, म्हणजे देवाच्या वेदीपुढे, गुडघ्यावर बसतो, आणि आईबाप त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात. बाप जिवंत असताना तो दुसऱ्याने काढला, असं तरखडला कुणी बघितलेलं नव्हतं.

"अरे, तू बाप हायस..." सॅन्टन म्हणाला.

"आईला लंगडी केली त्यानं. ज्यानं त्याला नीट सांगितलं, हवा बगून दिली, त्यानंच काढावा. तुजा हात चांगला."

तुजा हात चांगला! सॅन्टनने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. याच अंगठ्याने त्याने ती पिन दाबली होती. आणि या खेपेलाही त्याने मान हलवली.

त्याच आठवड्यात वसईत कधी नव्हे अशी थंडी पडली. नाक्यावर लोक शेकोट्या करून बसले. सकाळी दुकान उघडलं की गाड्यांची रांग. साध्या चाकांच्या, रुंद चाकांच्या, सगळ्यांची तक्रार एकच, गाडी जड चालते. सॅन्टन मीटर लावायचा आणि काटा खाली आलेला असायचा. आदल्या आठवड्यात त्यानेच भरून दिलेली गाडी, कुठे पंक्चर नाही, व्हॉल्व्ह गळत नाही, तरी हवा कमी. नुसत्या गारठ्याने कमी. मुंबईवाल्याने सांगितलेलं अक्षर न् अक्षर त्याच्यासमोर रांग लावून उभं होतं. त्यात एक लाल गाडी होती, चकचकीत चाकांची, आणि चालवणारा पोरगा केल्विनच्या वयाचा. "अंकल, मम्मी-पप्पांना घेऊन जायचंय, जरा नीट बघा," तो म्हणाला. सॅन्टनने हवा भरली, दोनदा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. गाडी गेल्यावर त्याने दुकानाचं शटर खाली ओढलं. मटिल्डाला फोन करून म्हणाला, "मी क्लेमेंटकडं चाललो. आल्यावर सांगतो. आधी त्याला सांगायचं हाय."

क्लेमेंट वाडीत केळीची सुकी पानं तोडत होता. सॅन्टन बांधावर उभा राहिला आणि एका दमात बोलला. गरम चाकं, सोडलेली हवा, मफलरचा विनोद, टायरमधली भुकटी, हलवलेली मान. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाला, "पोराचा कायपन दोष नव्हता. क्रूस मी नाय काढनार. माजी लायकी नाय."

क्लेमेंटच्या हातात कोयता होता. त्याने तो सावकाश खोडात रोवला. केळीच्या खोडाला धरून तो बोलला ते हळू आवाजात. त्याला हळू बोलताना सॅन्टनने कधी ऐकलं नव्हतं.

"मी इचारलेलं तुला. तुज्या डोक्याशी उभा राहून इचारलेलं."

"हो."

"चार वर्सं तू माज्या घरात जेवलास. ती बाय तुज्यासाठी रोझरी म्हनते. आनि मी... मी माज्या पोराला..." मग एकदम तो ओरडला, "जा! जा तू हितनं! तुजं तोंड नको बगायला!"

सॅन्टन गेला. त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. घरी मटिल्डाला सांगितलं तर ती म्हणाली, "मला वाटतच होतं." त्यानंतर तिने आठ दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. क्लेमेंटकडून काही निरोप आला नाही. मिस्सेला क्लेमेंट दुसऱ्या दाराने जायला लागला.

ईस्टर झाला. लग्नाला थोडे दिवस असताना केल्विन दुकानात आला. अंगाने भरला होता, कानाशी एक-दोन पांढरे केस दिसत होते. सॅन्टन हातातलं चाक खाली ठेवून उभा राहिला.

"पप्पा आले होते एअरपोर्टवर," केल्विन म्हणाला. "स्वतः आले होते. गाडीत बसल्यावर रडले. पप्पांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, अंकल. तुम्ही सांगितलंत त्यांना, ते कळलं मला."

"केल्विन, बाबा, मला माफ कर," सॅन्टन म्हणाला. "शिवी दे. काय पायजे ते बोल. मी तुजं वाटोळं केलं."

केल्विनने मान खाली घातली. शिवी द्यायला आलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. अपराधी दिसत होता तो, आणि सॅन्टनला ते समजेना.

"अंकल, तुम्हाला एक सांगायचंय. त्या पहाटे निघायच्या आधी मी मीटर लावला होता. जहाजावरून आणलेला, छोटा, पेनासारखा. चारही चाकं कमी दाखवत होती. बरीच कमी. पडघ्याच्या पंपावर पेट्रोलला थांबलो, पप्पा मागे झोपले होते, तेव्हा मम्मी म्हणाली पण, हवा भरून घे. मी म्हटलं, नको, सॅन्टन अंकलनी बघितलंय. मीटरचं तिला बोललो नाही. वाटलं, हा मीटरच खोटा असेल."

सॅन्टनने कंप्रेसरच्या मीटरकडे बघितलं.

"मग इथे मागे आवारात तुम्ही पप्पांना म्हणालात, हवा स्वतः बघितलेली. मला वाटलं, म्हणजे हवा बरोबरच होती. अंकल म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. मग चूक माझीच, माझाच स्पीड जास्त असणार. म्हणून तर मी पप्पांना उलट कधी बोललो नाही." तो कसनुसं हसला. "चार वर्षं मी तो स्पीडच आठवत होतो. पन्नासच्या वर काटा काही आठवायचा नाही. तरी मला वाटायचं, मीच विसरलो असेन."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवून सॅन्टनला हाक मारत होतं. त्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. शिवी खायची त्याची तयारी होती. दुकान बंद करावं लागलं असतं, तर त्याचीही होती. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं मानून पोराने आपल्या एका वाक्यावर चार वर्षं काढली, हे ऐकायची तयारी मात्र त्याने कधी केली नव्हती.

"बस," तो कसाबसा म्हणाला. दुकानात खुर्ची एकच होती. ती त्याने आपल्या शर्टाच्या बाहीने पुसली, केल्विनच्या पुढे सरकवली, आणि स्वतः समोर उभाच राहिला.